वॉरंटी पाच वर्षांची, दुरुस्ती किती दिवसांची?

नव्या मोटरसायकलीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत वॉरंटीचे आकडे ठळक छापलेले असतात. कुठे ३ वर्षं किंवा ३०,००० किलोमीटर, कुठे ५ वर्षं किंवा ७५,००० किलोमीटर. शोरूममधला सेल्समन ते तोंडपाठ म्हणून दाखवतो. खाली बारीक अक्षरांत अटी येतात. सर्व्हिसिंग वेळेवर हवं, तेल कंपनीनं सांगितलेलंच हवं. ब्रेक शू, क्लच प्लेट, बल्ब, केबल आणि रबरी भाग वॉरंटीत येत नाहीत. टायर आणि बॅटरीसाठी ते बनवणाऱ्यांकडे जावं. एवढ्या सगळ्या मजकुरात गाडी वर्कशॉपमध्ये जमा केल्यावर ती किती दिवसांत परत मिळेल, हा आकडा मात्र मला अजून कुठल्या पुस्तिकेत आढळलेला नाही. बिघडलेला भाग बदलून देऊ असं कंपनी लिहून देते, कधीपर्यंत ते लिहीत नाही. वॉरंटीतल्या रखडलेल्या दुरुस्तीची बहुतेक भांडणं या न लिहिलेल्या ओळीतून निघतात. ग्राहकाला वाटतं डीलर आळशी आहे, डीलरला वाटतं ग्राहक उतावळा आहे, आणि ज्या कंपनीनं मुदत लिहायचं टाळलं ती या भांडणात कुठेच दिसत नाही.

डीलर आळशी नसतात असं नाही. पण सगळा दोष आळसावर टाकला तर वर्कशॉपच्या आत काय चालतं ते कळत नाही आणि दाद कुणाकडे मागायची तेही चुकतं.

पैसे देऊन केलेलं सर्व्हिसिंग आणि वॉरंटीचं काम यांचा हिशेब वेगळा असतो. सर्व्हिसिंगमध्ये तेल, फिल्टर आणि मजुरीचं बिल ग्राहक संध्याकाळी फेडून जातो. वॉरंटीच्या कामात डीलर आधी स्वतःचा माणूस आणि बऱ्याचदा स्वतःच्या साठ्यातला भाग लावतो. मग फोटो, किलोमीटर आणि दोषाचं वर्णन कंपनीच्या संगणक प्रणालीत भरून क्लेम टाकतो. मजुरी कंपनी देते, पण कुठल्या कामाला किती वेळ हे तिनं आधीच ठरवलेलं असतं आणि पैसे त्याच हिशेबानं मिळतात. गंजलेला बोल्ट सुटायला दुप्पट वेळ लागला तर तो डीलरच्या माथी. काढलेला भाग जपून ठेवायचा, मागितला तर तपासणीला पाठवायचा. कंपनीनं क्लेम नाकारला, म्हणजे हा वापरणाऱ्याचा दोष आहे असं ठरवलं, तर खर्च डीलरच्या अंगावर पडतो. त्यामुळे हॉर्न त्याच दिवशी बदलून मिळतो, आणि गिअरबॉक्समधला आवाज म्हटलं की ‘वरून अप्रूव्हल येऊ दे’ असं ऐकायला मिळतं. इंजिन खोलायचं की नाही हे ठरवायला कंपनीचा विभागीय सर्व्हिस इंजिनिअर यावा लागतो आणि त्याच्याकडे अनेक डीलर असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याची फेरी कधी होईल हे वर्कशॉपलाही नेमकं ठाऊक नसतं.

त्यात हंगाम असतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या मुहूर्तांना ओळीनं नव्या गाड्या ताब्यात द्यायच्या असतात. प्रत्येक गाडी देण्याआधी तपासायची, बॅटरी जोडायची, नट आवळायचे. हे काम वर्कशॉपमधलेच हात करतात. दसऱ्याच्या आठवड्यात जमा केलेली वॉरंटीची गाडी दिवाळीपर्यंत तशीच उभी राहिली तर त्यात कुणाचा कट नसतो. पैसे आणणारं काम पुढे गेलेलं असतं, एवढंच.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकं लागू झाली, बाजारातल्या जवळपास सगळ्या मोटरसायकलींचा कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, कंट्रोल युनिट आले. जुन्या गाडीचा दोष कानानं आणि हातानं सापडायचा. आता गाडी अधूनमधून बंद पडत असेल, तर ती बंद पडताना यंत्राला जोडलेली असावी लागते, आणि वर्कशॉपमध्ये ती शहाण्यासारखी चालते. दोष कळवणारं यंत्र बहुधा एकच असतं, ते नीट वाचता येणारा माणूसही एकच. संशयित भाग बदलून बघणं हा सोपा मार्ग, पण ‘बदलून बघितलं’ असा क्लेम कंपनी पास करत नाही. मग काही ठिकाणी शोरूममधल्या नव्या गाडीचा सेन्सर काढून लावून पाहतात. ज्या गिऱ्हाइकाला ती नवी गाडी पुढे मिळते, त्याला हे अर्थातच कुणी सांगत नाही. काहीच सापडलं नाही की शेवटचं वाक्य ठरलेलं: ‘या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना असंच असतं.’ कधीकधी ते खरंही असतं, आणि खरं तर तीच जास्त काळजीची गोष्ट आहे.

सगळ्याच गाड्यांना असं असलं की सुटा भाग संपतो. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डनं बुलेट, क्लासिक आणि मिटिऑर या मॉडेलच्या २,३६,९६६ मोटरसायकली तपासणीसाठी परत बोलावल्या. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या या गाड्यांच्या इग्निशन कॉइलमध्ये दोष होता. मिसफायर होणं, गाडीनं नीट न ओढणं, क्वचित शॉर्ट सर्किट, असा धोका कंपनीनं स्वतः सांगितला. त्यांपैकी १० टक्क्यांहून कमी गाड्यांचा भाग बदलावा लागेल असा तिचा अंदाज होता. म्हणजे वीसेक हजारांपर्यंत कॉइल. एवढे भाग जादा बनवायचे आणि त्याच वेळी नव्या गाड्यांची जुळणीही थांबू द्यायची नाही. पुरवठादार एकच असेल तर आधी कारखान्याला की आधी सुट्या भागांच्या गोदामाला, हा प्रश्न कंपनीपुढे येतोच, आणि विकली गेलेली गाडी हप्ते भरत गप्प उभी असते, कारखान्याची साखळी मात्र थांबली तर दर तासाला नुकसान होतं. ग्राहक विचारतो तेव्हा ‘पार्ट बॅक ऑर्डरला आहे’ इतकंच उत्तर मिळतं.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०अ आलं. दोष ठरावीक प्रमाणात तक्रारींतून दिसला, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं आणि १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड लावू शकतं. ही तरतूद सुरक्षिततेची आहे. एखाद्याची गाडी दीड महिना पडून आहे म्हणून ती हलत नाही.

डीलर आणि कंपनी यांच्यातलं नातं हा या प्रश्नाचा गाभा आहे आणि गिऱ्हाइकाला ते सहसा माहीत नसतं. दारावर कंपनीची पाटी, नोकरांच्या अंगावर कंपनीचा शर्ट, पण कायद्यानं डीलर हा स्वतंत्र व्यापारी असतो. तो कंपनीकडून गाडी विकत घेतो आणि पुढे विकतो. गोव्यातल्या एका चारचाकीच्या प्रकरणात हे लख्ख दिसलं. डीलरनं २००९ साली बनलेली, वापरलेली गाडी २०११ मध्ये नवी म्हणून विकली होती. ग्राहक न्यायालयांनी डीलर आणि टाटा मोटर्स दोघांना जबाबदार धरलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टाटा मोटर्सला सोडलं. डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झाल्याशिवाय, दोघांमध्ये मालक-नोकराचं नातं नसताना, कंपनीवर बोट ठेवता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. उत्पादनातला दोष आणि दिलेली वॉरंटी यांची जबाबदारी कंपनीचीच राहते. पण गाडी वर्कशॉपमध्ये का रखडली याचं उत्तर द्यायची वेळ आली की तलाठी म्हणतो फाइल तहसीलला गेली आणि तहसील म्हणतं आलीच नाही, तसला खेळ सुरू होतो. म्हणून पहिल्या पत्रापासून दोघांनाही लिहायचं. डीलरला लिहिलेली ईमेल कंपनीच्या ग्राहक विभागाला सोबत गेली, तर पुढे ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ असं कंपनीला म्हणता येत नाही, आणि गोव्याच्या प्रकरणात सगळं अडलं ते नेमकं या माहितीपाशीच.

पत्रात काय विचारायचं? ‘गाडी कधी मिळेल’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचं उत्तर ‘दोन-तीन दिवसांत’ असंच असतं. त्याऐवजी क्लेम कोणत्या तारखेला टाकला, त्याचा क्रमांक काय, भागाची ऑर्डर कधी दिली आणि ती तातडीची म्हणून दिली का नेहमीची, हे विचारावं. रस्त्यावर धावू न शकणाऱ्या गाडीसाठी भाग घाईनं मागवण्याची वेगळी सोय कंपन्यांकडे असते, पण ती डीलरनं वापरावी लागते. ‘अप्रूव्हल आलं नाही’ हे वाक्य पुष्कळदा खरं असतं. अप्रूव्हल मागितलंच आज सकाळी, हे मात्र तारीख विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

जॉब कार्डवर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर घाईत ‘इंजिन आवाज, चेक करणे’ असं लिहितो. त्याऐवजी ‘तिसऱ्या गिअरमध्ये ४५ च्या वर खडखड, गाडी तापल्यावर वाढते’ असं लिहून घ्यावं आणि आवाजाची चित्रफीत मोबाइलमध्ये ठेवावी. किलोमीटर, पेट्रोल, अंगावरचे ओरखडे यांची नोंद करावी आणि कार्डाची प्रत मागून घ्यावी. एकाच दोषासाठी तीनदा गाडी आणली आणि प्रत्येक कार्डावर वेगळे शब्द असले, तर ग्राहक आयोगासमोर ते तीन निरनिराळे किरकोळ दोष ठरतात. शब्द तेच राहिले तर तो न सुटलेला एक दोष होतो. तोंडी दिलेली गाडी ही तर दिलेलीच नसते. काही वर्कशॉप ‘आधी बघू, मग कार्ड बनवू’ म्हणतात. दिवस मोजायला सुरुवात कार्डाच्या तारखेपासून होते, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

गाडी त्यांच्या ताब्यात असेपर्यंत तिची काळजी घेण्याची जबाबदारी त्यांची आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम १५१ सांगतं की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्यानं ती सामान्य शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळील तितकी सांभाळावी. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडबाहेर दोन महिने उभी राहिलेली गाडी परत मिळते तेव्हा चेन गंजलेली असते, बॅटरी उतरलेली असते, कधी उंदरांनी वायर कुरतडलेल्या असतात. मग ‘बॅटरी वॉरंटीत येत नाही’ असं ऐकायला मिळतं. जमा करतानाचे फोटो इथे कामाला येतात.

दुसरा डीलर गाठणं हा सोपा उपाय लोक विसरतात. वॉरंटी कंपनीची असते, त्यामुळे देशातल्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये ती चालायला हवी. पुण्या-मुंबईत हे सहज जमतं. तालुक्याच्या गावात एका कंपनीचा एकच डीलर असतो, दुसरा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि बंद गाडी टेम्पोत घालून तिथवर न्यायचा खर्च कोण देणार, हा प्रश्न उभा राहतो. गावातल्या एकुलत्या डीलरशी भांडून पुढची पाच वर्षं सर्व्हिसिंग त्याच्याकडेच करायचं असतं, हेही लोकांच्या मनात असतं.

मग बाहेरच्या मेकॅनिककडे का जाऊ नये? वॉरंटी जाईल म्हणून. या भीतीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी महत्त्वाचा आदेश दिला होता. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना त्यानं मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीनं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं त्यानं बजावलं. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला. मुख्य म्हणजे हा आदेश चारचाकीवाल्यांविरुद्ध होता, मोटरसायकलींच्या पुस्तिकांतली भाषा त्यानं बदलली नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत, आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू झालं. कंपन्यांची माहिती तिथे एकत्र मिळते. सक्तीचा कायदा अजून नाही.

लोकांचा संताप एकत्र आला की काय होतं ते ओला इलेक्ट्रिकच्या स्कूटरींनी दाखवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी दुकानाबाहेर धूळ खात उभ्या असलेल्या स्कूटरींचा फोटो टाकला आणि कंपनीच्या प्रमुखांशी त्यांची जाहीर खडाजंगी झाली. त्याच सुमारास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कंपनीला कारणे दाखवा नोटीस दिली. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर या कंपनीविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या होत्या, त्यांतल्या ३,३८९ सर्व्हिसिंगच्या विलंबाच्या होत्या. ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्याचं उत्तर कंपनीनं दिलं. त्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण विलंब ही स्वतंत्र तक्रार म्हणून मोजली गेली, हे महत्त्वाचं. १९१५ या क्रमांकाची हेल्पलाइन मराठीतही चालते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते. तरीही तिथली नोंद उपयोगी पडते, कारण मोजणी अशाच नोंदींची होते.

पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यानं गिऱ्हाइकाची एक मोठी अडचण दूर केली. आता तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि बहुतेक मोटरसायकली यात बसतात. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल होते. डिलिव्हरी करणाऱ्या पोरांना ‘तुमचा वापर व्यावसायिक आहे’ असं म्हणून डीलर हाकलतात. कायद्यात मात्र केवळ पोटासाठी स्वयंरोजगार करणारा माणूस ग्राहकच धरला आहे. वॉरंटीच्या अटींत व्यावसायिक वापर वगळलेला असू शकतो, ती वेगळी बाब, आणि गाडी घेतानाच वाचायची.

आयोगापुढे काय मागायचं यात लोक घसरतात. चिडलेला माणूस नवी गाडी किंवा सगळे पैसे मागतो. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की वॉरंटीत भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असेल, तर अख्खं वाहन बदलून मागता येत नाही. २०१० मध्ये फियाटच्या प्रकरणातही मूळ उत्पादनदोष सिद्ध होण्यावरच सगळं अडलं. तो सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो आणि तो मिळवण्याचं ओझं बहुधा तक्रारदारावर पडतं. विलंब दाखवायला तज्ज्ञ लागत नाही, तारखा पुरतात. म्हणून ठरावीक दिवसांत दुरुस्ती, गाडी पडून होती त्या काळाची भरपाई, तेवढीच वॉरंटीची वाढ आणि तक्रारीचा खर्च ही मागणी जास्त टिकते. सेवेतली त्रुटी या व्याख्येत निष्काळजीपणाबरोबर माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. क्लेमची तारीख विचारूनही न सांगणारा डीलर इथे सापडू शकतो.

तक्रार दाखल करण्याची दोन वर्षांची मुदत मात्र लक्षात ठेवावी. ईमेलींची देवाणघेवाण चालू राहिली म्हणून ती वाढत नाही. निकाल विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, चाचणी लागत असेल तर ५ महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात आयोगांतल्या जागा रिकाम्या राहिल्या आणि त्याबद्दल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून लक्ष घालावं लागलं. रखडलेल्या दुरुस्तीची तक्रारही रखडते, अशी ही तऱ्हा. त्यामुळे वकिलाची नोटीस आणि आयोगासमोरची पहिली तारीख या दोहोंमध्ये गाडी अचानक तयार होते, याचं मला नवल वाटत नाही.

दिवसांचा आकडा लिहिता येतो का? येतो. कॅलिफोर्नियाच्या १९७० च्या साँग-बेव्हर्ली कायद्यात वॉरंटीची दुरुस्ती ३० दिवसांत पुरी करायची अट आहे आणि वस्तू दुरुस्तीत असताना वॉरंटीचं घड्याळ थांबतं. त्याच राज्याच्या सदोष वाहनांसाठीच्या ‘लेमन लॉ’च्या विशेष सवलतींतून मोटरसायकल वगळलेली आहे, म्हणजे दुचाकीला दुय्यम वागणूक हे आपलंच वैशिष्ट्य नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात दुरुस्तीची एक संधी फसली की ग्राहक वस्तू नाकारू शकतो. युरोपीय संघात दुरुस्ती वाजवी वेळात आणि मोठी गैरसोय न करता व्हावी असा नियम आहे, आणि २०२४ च्या निर्देशानुसार ग्राहकानं बदलीऐवजी दुरुस्ती निवडली तर हमी एक वर्षानं वाढते. तिथल्या देशांनी तो जुलै २०२६ अखेरपासून लागू करायचा आहे. ‘वाजवी वेळ’ हे शब्द संदिग्ध आहेत. आपल्या पुस्तिकांत तेवढेही नसतात. उलट बदललेल्या भागाची वॉरंटी मूळ मुदत संपली की संपते, असं लिहिलेलं असतं. दोन महिने वर्कशॉपमध्ये गेले तर ते ग्राहकाच्या खात्यातून वजा. ३० दिवसांची मर्यादा आणि पडून राहिलेल्या दिवसांची भर, या दोन ओळी केंद्र सरकारनं दुचाकींच्या वॉरंटीत सक्तीच्या केल्या, तर गोदामात आधी कुणाचा भाग जाईल हे ठरवताना कंपनीला दुसरा हिशेब करावा लागेल. डीलर संघटनांचाही फायदाच आहे, कारण कंपनीकडून भाग वेळेवर मिळावा ही मागणी त्यांचीही असायला हवी.

तोवर गाडी परत मिळतानाचं काम काळजीनं करावं. ‘काम समाधानकारक’ या रकान्यात सही करण्याआधी, ज्या परिस्थितीत दोष येत होता त्याच परिस्थितीत चक्कर मारावी, गाडी तापेपर्यंत. वॉरंटीतलं काम असलं तरी शून्य रकमेचं बिल मागावं आणि त्यावर बदललेल्या भागाचं नाव, क्रमांक, किलोमीटर, गाडी जमा केल्याची आणि मिळाल्याची तारीख लिहून घ्यावी. ‘पैसेच नाहीत तर बिल कशाला’ असं काउंटरवर म्हणतील. तरी थांबून ते घ्यावं.